चार पायांचा वावर

परड्यात शिरताना चपला फाटकाबाहेर काढायच्या, हा आक्काताईंचा कायदा. आत देव नाही, देऊळ नाही; आत कामावर गेलेल्या आयांची तान्ही पोरं झोपलेली असतात. उंबराच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या आणि खाली जमीनभर घोंगडी. सणगरांचे माग चालू होते तेव्हा याच परड्यात घोंगड्यांचा ताणा ताणायचे. माग गेले, घोंगडी उरली. त्यांच्यावरून अनवाणी चालणाऱ्या बाईचं पाऊल तिचं तिलाही ऐकू येत नाही. बोलायचं ते कुजबुजत. हसू आवरलं नाही तर पदर तोंडात.

धनश्री पोवार फाटकाशी वाकून बूट काढत होती, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. वाचता वाचता ती एका पायावर तशीच उभी राहिली.

'अभिनंदन! आतवाढ योजनेत आपले घर मंजूर झाले आहे. जागा क्रमांक १०७, दुसरा मजला.'

"बगळ्यागत काय उभी राहिलीस?" आक्काताई कुजबुजल्या. "ये की आत. पोरगी वाट बघून दमली."

गार्गी तोवर रांगत सुटलीच होती. अकरा महिन्यांची पोर, गुडघ्यांवर इतकी भरधाव यायची की समोरच्यानं बाजूला व्हावं. धनश्रीनं तिला उचललं, मानेत नाक खुपसलं. तेल, माती, घोंगड्याचा वास. दिवसभराचा वास. ज्या दिवसात ती नव्हती, त्या दिवसाचा.

"चालली का आज?" ती रोज विचारायची.

"छे! कुठलं! अजून धरून धरूनच." आक्काताई पाठ फिरवून एका झोळीची गाठ सारखी करू लागल्या. "गडबड कशाला? एकदा चालाय लागली की बसत न्हाई मग."

"बरं, येते मी."

"या."

बसमध्ये फरझाना शिकलगारनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरली होती. दोघी एकाच 'हिरवाई सिटी'त राहायच्या. महामार्गाच्या पलीकडे उसाची शेतं विकत घेऊन उभारलेल्या त्या वसाहतीत हिरवं असं फक्त प्रवेशद्वार होतं. पाणी टँकरनं. शहरात यायला दीड तास, परतायला त्याहून जास्त. फरझाना डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ होती. तिचा झायान दोन वर्षांचा. हिरवाईत पाळणाघर नव्हतं आणि एवढ्या लहान पोराला रोज तीन-चार तास बसमध्ये हिंदकळत न्यायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तो कऱ्हाडला तिच्या आईकडं असायचा. आठवड्यातून एक दिवस ती त्याची आई असायची.

धनश्री बसायच्या आधीच तिनं फोन तिच्या नाकासमोर धरला. "मिळालं! एकशे सात, तिसरा मजला! तुला?"

"एकशे सात. दुसरा."

"या अल्ला, म्हणजे मी तुझ्या डोक्यावर! झायान दिवसभर उड्या मारणार, सांगून ठेवते. आणि वर येऊन भांडायचं नाही." ती हसत हसत रडायला लागली. "आणते गं त्याला आता. पगार झाला की पहिल्यांदा पाळणा… नाही, पाळणा कशाला, मोठा झाला की तो. पलंग."

गार्गी तिच्या मांडीवर सरकली आणि नेहमीसारखी तिथंच झोपली. धनश्रीनं फोनवर आतवाढ मंडळाचा, ती नोकरी करायची त्याच मंडळाचा, नकाशा उघडला. जागा क्रमांक एकशे सात. 'सणगर गल्लीमागील परडे. मानवी वावर: नगण्य.'

तिनं पुन्हा वाचलं. नगण्य हा शब्द मशीनचा. मशीन तिचं.

*

हद्दवाढीचं घोंगडं कोल्हापुरात इतकी वर्षं भिजत पडलं होतं की त्याला वास येऊ लागला होता. शहर म्हणे, गावं आत घ्या. गावं म्हणत, पाऊल टाकून बघा. या भांडणात शहर वाढायचं थांबलं का? ते वाढतच होतं, फक्त कुणालाच न विचारता: उसावर, ओढ्यांवर, पुराचं पाणी जिथं विसावायचं त्या खोलगट रानांवर. ओढे बुजले तसं पाणी नव्या वाटा शोधत कधी न आलेल्या घरांत शिरलं. शेवटी राज्य सरकारनं कायदा केला. हद्द आहे तिथंच गोठली. शहरानं आता आत वाढायचं. शहरात कितीतरी जागा नुसत्या पडून आहेत. वारसांच्या भांडणातल्या, बंद कारखान्यांच्या, भाव वाढायची वाट बघत बिल्डरांनी दाबून धरलेल्या. त्या घ्यायच्या, मालकाला मोबदला आणि तिथंच एक घर द्यायचं, बाकीची घरं आधी त्यांना, जे रोज बाहेरून ये-जा करतात. आतवाढ मंडळ त्यासाठी स्थापन झालं. धनश्रीला हे धोरण मनापासून पटलं होतं. दीड तासाच्या बसमध्ये ते कुणालाही पटेल.

प्रश्न एकच होता. रिकामी जागा म्हणजे कोणती? कागद मागितले तर प्रत्येक जागेवर काही ना काही चालू असतं. म्हणून मंडळानं जमिनीलाच विचारायचं ठरवलं.

गल्लीगल्लीत इंटरनेटच्या काचतारा पुरलेल्या आहेतच. त्यातल्या काही तंतूंना काम नसतं. अशा तंतूत एका टोकाकडून प्रकाशाचे ठोके सोडायचे, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म विषमता असते. तिच्यावर आपटून प्रकाशाचा कणभर भाग मागे येतो. वर जमिनीवर कुणी पाऊल टाकलं की काच केसाच्या लक्षांश भागाइतकी ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो किती वेळानं परत आला, यावरून ठिकाण कळतं. थोडक्यात, पुरलेल्या तारेचा मीटर न् मीटर म्हणजे एक कान. त्याला बोलणं समजत नाही, चेहरा दिसत नाही, फक्त वावर कळतो.

पहिल्या फेरीत हा कान फसला. जमीन दाबून बसलेल्यांनी आपापल्या प्लॉटवर रोज बिस्किटं टाकून भटकी कुत्री जमवली, कुणी शेळ्या बांधल्या. मशीननं सांगितलं, इथं भरपूर वर्दळ. तेव्हा धनश्री पाच महिन्यांची गरोदर होती. पाय सुजलेले असायचे, ती स्टुलावर पाय ठेवून चालींचे आलेख बघत बसायची. माणूस चालतो तेव्हा एकामागून एक सारखे ठोके पडतात. चार पायांचं जनावर दुडकतं तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरप्या जोडीनं पडतात. तिनं मशीनला तो फरक शिकवला आणि चार पायांचा सगळा वावर मोजणीतून काढून टाकला. बिस्किटवाले प्लॉट एका रात्रीत रिकामे ठरले. मंडळात पेढे वाटले होते. पहिला पेढा तिनं पोटावर हात ठेवून खाल्ला होता.

*

एकशे सात क्रमांकाच्या जागेवरच्या हरकतींची सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. आक्काताई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, शेजारी सून. सुनावणी अधिकारी हेरवाडकर सर भला माणूस. आवाज चढवायचे नाहीत.

"आजी, तुमची हरकत काय आहे ते सांगा."

"माझी कसली हरकत? मला बी फ्लॅट मिळणार म्हणं. सून कालपास्नं नाचाय लागलीया." सुनेनं मान खाली घातली. "मला घर, आणि कुणाकुणाला घर. चांगलंच हाय की. पोरं कुठं झोपवायची तेवढं सांगा."

"पण मशीन म्हणतंय, त्या परड्यात कुणी चालतच नाही."

"चालंल कसं? पोरं उठत्यात की!"

हॉल हसला. हेरवाडकरही हसले. "मोठी माणसं हळू चालतात, समजलं. मग पोरं?"

"पोरं व्हय? पोरं रांगत्यात."

धनश्री तांत्रिक बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या हातातलं पेन थांबलं. रांगत्यात. उजवा हात, डावा गुडघा. डावा हात, उजवा गुडघा. तिरप्या जोडीनं.

"पोवार मॅडम," हेरवाडकर वळले, "तुमचं काही?"

समोरच्या भिंतीवर, तयार भाग जोडून महिन्या-दोन महिन्यांत उभ्या राहणाऱ्या इमारतीचा आराखडा लावलेला होता. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी पूर्वेला होती. त्या खिडकीत संग्रामनं, तिच्या नवऱ्यानं, काल फोनवर मापं टाकून पडदासुद्धा लावून बघितला होता. 'पिवळा चालेल ना? गार्गीला उठवायला सूर्य येऊ दे, आई तर झोपेतच उचलून बसमध्ये नेते,' असं तो चेष्टेत म्हणाला होता. आणि मग सॉरी म्हणाला होता.

"नोंद नियमाप्रमाणं आहे, सर," ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. बाहेर पडताना आक्काताई कुणाला तरी सांगत होत्या, "ती बघ, पेन घेतलेली. आमच्या गार्गीची आई. लई हुशार." आवाज कुजबुजता नव्हता. अभिमानाचा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिनं एकशे सातचा कच्चा आवाज उघडला. मशीन जे गाळून टाकतं, ते सगळं.

परडं कुत्र्यांनी भरलेलं होतं.

निदान मशीनचं तसं म्हणणं होतं. पण ही कुत्री विचित्र होती. फाटकाबाहेर कधी जात नव्हती. दुपारी सगळी एकदम झोपत आणि एक उठलं की पाठोपाठ उरलेली उठत. रविवारी एकही नसे. बायकांची पावलं घोंगड्यांत विरून पार तळाच्या खरखरीत मिसळली होती. ती कुत्र्यांपाठोपाठ फिरत, जवळ येऊन थांबत, मग एक कुत्रं नाहीसं होई. कुणीतरी उचलून घेतलेलं.

धनश्रीला आधी हसू आलं. गेले कित्येक महिने तिचं मशीन तिच्या लेकीला रोज पुसून टाकत होतं. आणि ते तिनंच, तिला पोटात घेऊन, शिकवलं होतं.

ती पुढं सरकवत गेली. गेल्याच आठवड्यातली एक दुपार. चार पायांचं एक जनावर उंबराकडं भरधाव आलं. ती चाल तिनं लगेच ओळखली. समोरच्यानं बाजूला व्हावं अशी चाल. ते बुंध्याशी थांबलं. बराच वेळ काहीच नाही.

मग दोन ठोके. एकामागून एक. थोडं थांबून आणखी दोन-तीन, वेडेवाकडे, पण एकामागून एकच. चार पायांचं जनावर दोन पायांवर चाललं होतं.

मग एक मोठा धप्प. बूड टेकल्याचा.

आणि त्यानंतर जे त्या परड्यात कधीच होत नव्हतं ते झालं होतं. पावलं धावत आली. इकडून, तिकडून, तीन-चार बायकांची, आपला कायदा विसरून, घोंगड्यांवरूनसुद्धा धडधड ऐकू येतील अशी. मोजायची किमान रेघ ओलांडली म्हणून मशीननं ती पावलं इमानानं मोजली होती. एकशे सात क्रमांकाच्या जागेवर त्या महिन्यात जो 'नगण्य' मानवी वावर नोंदला गेला, तो एवढाच होता. गार्गी पहिल्यांदा चालली म्हणून धावलेल्या बायकांचा.

त्या दुपारी धनश्री कुठं होती हे तिला आठवायची गरज पडली नाही. ती याच खोलीत, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मशीन किती अचूक आहे ते दाखवत होती.

संध्याकाळी परड्यात शिरताना तिनं बूट काढले आणि विचारलं, "चालली का आज?"

"छे गं," आक्काताई म्हणाल्या, "अजून धरून धरून." आणि झोळीच्या गाठीकडं वळल्या.

*

"सुनावणी संपली आहे," हेरवाडकर म्हणाले. समोर तिचा अर्ज होता. "हे तुम्ही तेव्हाच बोलला असता तर?"

"तेव्हाच कळलं होतं, सर. बोलले नाही."

त्यांनी चष्मा काढला. "यादीत तुमचं नाव आहे. हे काढलंत तर तुमचं घर जातं. एकट्या तुमचं नव्हे, त्या इमारतीतल्या सगळ्यांचं. लोक पुन्हा रांगेत. दोन वर्षं, तीन वर्षं, कोण जाणे. त्यांनाही पोरं असतील."

"आहेत," धनश्री म्हणाली.

"मग?"

जागा रिकामी नव्हती, एवढंच. घरं हवीत हे खरं. परडं हवं हेही खरं. पण मंडळ म्हणत होतं ते खरं नव्हतं, आणि ते तिच्या तोंडून म्हणत होतं. शिवाय परडं राहिलं तर गार्गीची सोय राहते, म्हणजे यातही स्वार्थ आलाच. हेही तिनं रात्री अंथरुणावर स्वतःला ऐकवून झालं होतं. कुठल्याही बाजूनं गेलं तरी आपण स्वच्छ निघत नाही, हे एकदा पटल्यावर अर्ज लिहायला सोपा गेला होता.

"पुरावा म्हणून हा तुकडा जोडलाय," ती म्हणाली. "यातलं मूल माझं आहे, तेही लिहिलंय. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आणि बाकीच्या जागांची चार पायांची नोंद पण. रांगणारं पोर उभं राहतं, सर. कुत्रं राहत नाही. तेवढ्यावरून मशीनला शिकवता येईल."

हेरवाडकरांनी तो तुकडा लावला. पडद्यावर रेघ हलली. दोन ठोके. थोडं थांबून आणखी दोन-तीन. धप्प. मग धावपळ.

"किती वेळा बघितलंत हे?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही."

घरी संग्रामनं ऐकून घेतलं. फाउंड्रीतून आला होता, हात अजून काळे होते. फोन काढून त्यानं तो पिवळा पडदा खिडकीवरून काढून टाकला आणि आंघोळीला गेला. बराच वेळ नळ वाहत राहिला. टँकरचं पाणी असताना तो कधी तसं करत नसे.

*

निकाल आला त्या संध्याकाळी आक्काताई फाटकातच उभ्या होत्या.

"माझा फ्लॅट घालवलास की गं," त्या म्हणाल्या. "सून बोलंना झालीया माझ्याशी. लिफ्ट हुती म्हणं." मग आवाज खाली गेला. "आणि तुझ्या मशीननं तुला सांगितलं म्हणं. हिचं."

"हो."

"चुगलखोर मेलं." त्यांनी धनश्रीच्या दंडाला धरलं. "आईला सांगायचं नसतंय गं. पोर पयल्यांदा आईपुढंच चालतंय. कुणाचं बी असू दे. आजवर एकीला न्हाई सांगितलं मी."

धनश्री बूट काढून, पावलांचा आवाज न करता, लेकीला घ्यायला आत गेली.

बसथांब्यावर फरझाना आधीच आलेली. पिशवी खांद्यावर, फोन हातात. डोळे सुजलेले.

"वाचलंस?" ती म्हणाली. "एकशे सात रद्द. कुत्री नव्हती म्हणे, पोरं होती. कुणीतरी पुरावा दिलाय. रांगणारं एक पोर उठून चाललं, तेवढ्यावरून." तिनं नाक पुसलं. "मला राग कुणाचा येतोय तेच कळंना बघ. पोरांचा कसा येणार? काल आईला सांगून टाकलं होतं मी, त्याची खेळणी बांध म्हणून."

धनश्रीनं गार्गीला खाली बाकड्यापाशी उभं केलं. गार्गीनं बाकडं धरलं. फरझानाच्या पिशवीला लोंबणारा लाल गोंडा तिला दिसला. तिनं बाकडं सोडलं.

एक पाऊल. दुसरं. पोट पुढं, हात वर, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. तिसऱ्याला ती फरझानाच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली आणि गोंडा तोंडात घातला.

"अगं!" फरझाना ओरडली. "चालली! धनश्री, चालली बघ! पहिल्यांदाच ना?" तिचे डोळे अजून ओले होते आणि ती तोंडभर हसत होती.

हो म्हणणं फार सोपं होतं. आक्काताईंनी सगळ्या आयांसाठी तो शब्द तयारच ठेवला होता.

"नाही," धनश्री म्हणाली. "पहिल्यांदा परड्यात चालली."

फरझाना हसत होती. मग हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे थांबले. तिनं गार्गीकडं पाहिलं, मग तिच्या आईकडं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बस आली. फरझाना नेहमीसारखी पुढं घुसली. धनश्री लेकीला कडेवर घेऊन मागून चढली. त्यांची नेहमीची सीट, खिडकीशी फरझाना आणि शेजारी पिशवी. पिशवी हलली नाही. फरझाना बाहेर बघत होती. मागची माणसं रेटत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढं सरका की."

गार्गी वाकली आणि तिनं पिशवीचा गोंडा ओढला.

फरझानानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग ती पायाशी ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"तिला दे इकडं," ती म्हणाली. "तू उभी राहा."

धनश्रीनं लेक दिली. शेजारच्या रिकाम्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. बस हलली. वरचा दांडा धरून धनश्री हिरवाईपर्यंत उभी राहिली. वाटेत शहराची हद्द संपल्याची पाटी मागं गेली. तिथून पुढं जमिनीखाली ऐकणारं काही नव्हतं. फरझानाच्या मांडीवर गार्गी केव्हाच झोपली होती, आणि तिचं डोकं खिडकीवर आदळू नये म्हणून फरझानानं काचेशी आपला तळहात धरला होता.